नऊ नंबरची चाळीस मिनिटं

दुसऱ्या हाफची अकरा मिनिटं उरली होती, आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि माझी सगळ्यात चांगली खेळाडू चेंडू सारखा माझ्या सगळ्यात कच्च्या खेळाडूला देत होती. एकदा नाही, दोनदा नाही. समोर रिंग मोकळी, अंगावर कुणी नाही, अशा वेळी शैला थांबायची, मान वळवून नऊ नंबरच्या मंगलला शोधायची आणि चेंडू तिच्या हातात पोहोचवायची. मंगल तो जीव खाऊन टाकायची. चेंडू बोर्डाच्या वरून पलीकडे जायचा, नाहीतर रिंगपर्यंत पोहोचायचाच नाही. "शैला, तू टाक, तू," असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. शैला मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायची.

तो सामना आम्ही एका गुणाने जिंकलो. जिंकलो म्हणण्यापेक्षा समोरच्यांनी आमच्याहून जास्त चुका केल्या म्हणणं खरं ठरेल.

खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होते. हे नाव ऐकून लोकांना काहीतरी भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात गळ्यात शिट्टी, हाताखाली कुणी नाही आणि निम्मा वेळ मुलींच्या घरच्यांची समजूत घालण्यात जातो. मी पुण्यात वाढलेली, विद्यापीठाकडून खेळलेली. तालुक्याच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा आपण इथे येऊन सगळ्यांना खेळ शिकवणार, अशी माझी पक्की समजूत होती. ती पुढे बऱ्यापैकी खरी ठरली, पण वाटेत मलाही शिकायला लागलं.

मुलींचा बास्केटबॉलचा संघ काढायचा म्हटल्यावर प्रिन्सिपॉल सर म्हणाले होते, आपल्या पोरी कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, हे रिंगचं खूळ कशाला? मी म्हटलं, सर, कोर्ट आहे, खांब आहेत, रिंगा आहेत, फक्त त्यांच्यावर हॉस्टेलच्या मुलांचे टॉवेल वाळत असतात. ते टॉवेल काढायला लावले आणि संघ सुरू केला. दुसऱ्याच वर्षी आम्ही मंचरला झोनल खेळायला उतरलो. झोनल म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांची आपसातली स्पर्धा. तिथे निवड समितीचे लोक बसतात आणि चांगल्या खेळाडू वेचून विभागाचा संघ करतात. तो संघ पुढे बाहेरगावी खेळायला जातो. आमच्या कॉलेजातून त्या संघात तोवर एकही मुलगी गेली नव्हती. शैला जाणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शैला माहेरची आणे गावची, पठारावरची. शाळेत खो-खो खेळलेली. वाकून पळायची आणि पळता पळता अशी वळायची की समोरची मुलगी चार पावलं भलतीकडेच निघून गेलेली असायची. बारावी झाल्यावर लग्न होऊन ती खोडदला आली. नवरा दुर्बिणीच्या कामावर वायरमनच्या हाताखाली होता, साधा माणूस. बायकोने शिकावं, खेळावं, याला त्याची हरकत नव्हती. पण त्या घरात हरकत घेण्याचं खातं सासूबाईंकडे होतं. त्यांचं नाव हौसाबाई.

हौसाबाईंनी मला पहिल्याच भेटीत अट सांगितली होती. सून एकटी परगावी जाणार नाही, मंगल बरोबर असेल तरच जाईल. मंगल म्हणजे त्यांची मुलगी, शैलाची नणंद. दोघी एकाच वर्गात. मंगल अंगाने भक्कम, स्वभावाने दांडगी आणि बास्केटबॉलमध्ये शून्य. शैला हवी म्हणून मी मंगलला संघात घेतलं. माझ्याकडे उभ्या राहू शकतील अशा मुली जेमतेम दहा होत्या, त्यामुळे फार वाईट वाटून घ्यायचं कारणही नव्हतं.

सामना संपल्यावर मी शैलाला बाजूला घेतलं. चेंडू मंगललाच का देतेस, म्हणून विचारलं.

"वन्सं मागत्यात ना, मॅडम."

"मागू दे की. तू देऊ नकोस."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अचाट बोलले असावे. "वन्संनी मागितल्यावर न्हाई कसं म्हनायचं?"

मग ती म्हणाली, "मॅडम, तुमाला खरं सांगू का? घरात उठल्यापासून झोपस्तवर कुनी ना कुनी काय ना काय सांगतंच. ह्या रेघांच्या आत कुनी सांगत न्हाई, म्हनून मला खेळायला लई आवडतं. आता वन्सं पन रेघांच्या आतच आल्या. काय करू?"

मला तिची दया आली आणि रागही आला. राग जास्त आला, कारण उपाय माझ्या हातात होता. दुसऱ्या दिवशी सेमीफायनल होती. पहिल्या पाच मिनिटांत मी मंगलला बदलून बाकावर बसवलं आणि शेवटपर्यंत उठवलं नाही. शैला सुटली. त्या दिवशी तिने जे केलं, ते पाहून समोरच्या कॉलेजच्या मुलीही थांबून बघत होत्या. आम्ही अकरा गुणांनी जिंकलो. निवड समितीचे दोन सर आपापल्या वहीत काहीतरी लिहून घेत होते. मंगल बाकाच्या टोकाला गुडघ्यावर हात ठेवून बसली होती आणि सामना संपल्यावर कुणाशी बोलली नाही. मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. स्वतःवर खूष होऊन मी घरी गेले.

फायनलच्या आधी एक दिवस मोकळा होता, मंचरच्या कॉलेजने मैदान दुसऱ्या कार्यक्रमाला दिलं होतं. आमची प्रॅक्टिस सकाळी सातला आमच्याच कोर्टवर ठेवली होती. आठ जणी आल्या. शैला आणि मंगल आल्या नाहीत. साडेसातपर्यंत वाट पाहिली आणि मग बाकीच्यांना फेऱ्या मारायला लावून मी लुना काढली.

खोडदच्या रस्त्याला शेतांच्या डोक्यावरून त्या पांढऱ्या तबकड्या दिसायला लागतात. त्यांच्या अलीकडच्याच एका वावरात मला तिघी दिसल्या. कांद्याची लागवड चालू होती. वाफ्यात पाणी सोडलेलं, हौसाबाई आणि शैला चिखलात बसून रोपं लावत पुढे सरकत होत्या. मंगल बांधावर रोपांच्या ढिगाशी उभी होती. मला बघून शैलाने मान आणखी खाली घातली. मंगलने तोंड फिरवलं. हौसाबाईंनी हातातलं काम न थांबवता मला बांधावर बसायला सांगितलं.

"मॅडम, माझ्या लेकीनं काय चोरी केली व्हती का?"

"कसली चोरी, मावशी?"

"मग तिला चारचौघात बाकड्यावर का बशिवली?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. गावातला एक जण मंचरला कांद्याची गाडी घेऊन गेला होता आणि गाडी खाली होईपर्यंत मैदानावर येऊन बसला होता. त्याने परत येऊन पारावर सांगितलं की सून पळते आणि लेक बसून राहते. आमच्या शाळांमध्ये ज्याला काही येत नाही त्याला वेगळं बसवतात, एवढंच हौसाबाईंना ठाऊक. त्यात बुधवारी ओतूरकडचे पाहुणे मंगलला बघायला येणार होते. पोरीला काही जमत नाही म्हणून मास्तरणीने बाजूला बसवली, हे त्यांच्या कानावर गेलं तर काय, या विचाराने त्यांना झोप लागली नव्हती.

मी समजावायला घेतलं. बास्केटबॉलमध्ये पाच जणी आत खेळतात, बाकीच्या बाकावर असतात, आलटून पालटून आत-बाहेर करायचं असतं, त्याला बदली म्हणतात. दमलेल्या खेळाडूला विश्रांती मिळते. बसणं म्हणजे शिक्षा नाही.

"मंगल दमली नव्हती," हौसाबाई म्हणाल्या. "मी इचारलंय तिला."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी सरळ सांगितलं की शैला मानापायी सारखा चेंडू मंगलला देते, मंगलला रिंगमध्ये टाकता येत नाही, म्हणून मी मंगलला बसवलं.

"द्यायलाच पायजे की," हौसाबाई म्हणाल्या. "नणंद हाय ती."

त्यांच्या हिशोबाने शैलाचं काही चुकलं नव्हतं, मंगलचंही नाही. चूक एकटीची होती, माझी. आणि खरं सांगायचं तर तसंच होतं. मी खेळाचा विचार केला होता आणि तो बरोबर होता. या दोघी खेळ संपल्यावर एकाच चुलीपाशी जाऊन बसतात, याचा विचार केला नव्हता.

मी समोर बघत राहिले. शैला रोपं लावत, मागे न बघता पुढे सरकत होती. तिच्या मुठीतली जुडी संपत आली की मंगल ढिगातून दुसरी उचलून फेकायची. मी दोन-तीनदा पाहिलं आणि मग ताठ होऊन बसले. मंगल जुडी शैलाकडे फेकत नव्हती. शैला जिथे पोहोचणार होती तिथे फेकत होती. शैला हात पुढे करायची आणि जुडी तिथे आलेली असायची. ना हाक, ना इशारा. मंगलचं लक्ष तर अर्धवट माझ्याकडे होतं, माझ्यावरचा राग तिच्या तोंडावर दिसत होता आणि हात आपलं काम बिनचूक करत होता. मी पंधरा दिवस माझ्या मुलींना हेच शिकवण्यासाठी डोकं फोडत होते. पळणाऱ्या खेळाडूच्या पुढे चेंडू टाकायचा, अंगावर नाही.

"मावशी," मी म्हटलं, "उद्या दोघींना पाठवा. मंगल पहिल्या मिनिटापासून खेळेल."

"आन् पुन्यांदा बशिवली तर?"

"नाही बसवणार. चाळीस मिनिटांचा खेळ असतो. चाळीसच्या चाळीस मिनिटं ती आत असेल."

"शब्द देता?"

"शब्द. एका मिनिटासाठी जरी बाहेर काढली तर शैलालाही परत खेळायला पाठवू नका."

शेवटचं वाक्य मी भरात बोलून गेले. शैलाचा हात चिखलात थांबला. फायनलला चाळीस मिनिटं कच्ची खेळाडू आत ठेवायची, ती दमली, चुकली, कोसळली तरी काढायची नाही, आणि काढली तर शैलाचा खेळ कायमचा बंद. असला करार कुठलाही शहाणा कोच करत नाही. हौसाबाईंनी मात्र पहिल्यांदाच हात थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांनी दुपारी दोघींना पाठवते म्हणून सांगितलं, आधी एवढा वाफा पुरा करू द्या.

चार वाजता दोघी कोर्टवर आल्या. बास्केटबॉलमध्ये एक जुनी चाल आहे, तिला गिव्ह अँड गो म्हणतात. म्हणजे दे आणि पळ. तुम्ही चेंडू दुसरीला द्यायचा, समोरच्या मुलींचं लक्ष चेंडूमागे गेलं की आपण रिंगकडे पळायचं आणि चेंडू पळता पळता परत घ्यायचा. शैला चेंडू मंगलला देणारच होती, तिला कुणी थांबवू शकत नव्हतं. मग देऊ दे. फक्त मंगलने तो रिंगकडे न टाकता शैलाच्या पुढे टाकायचा.

मंगल माझ्याशी बोलायला तयार नव्हती. मी तिला विचारलं, रोपाची जुडी कशी टाकतेस गं?

"कशी म्हंजी? वैनी जितं पोचनार तितं."

"चेंडूची जुडी समज."

ती पहिल्यांदा हसली. चौथ्या वेळी जमलं. दहाव्या वेळी बाकीच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. मी तिला आणखी एक गोष्ट दाखवली. स्क्रीन, म्हणजे आपल्या खेळाडूच्या मागे धावणाऱ्या मुलीच्या वाटेत जाऊन नुसतं उभं राहायचं. हलायचं नाही, ढकलायचं नाही. मंगल उभी राहिली की तिच्याभोवती वळसा घालायला वेळ लागायचा, हे तिचं अंगभूत कौशल्य होतं. मी इतके दिवस तिला रिंगमध्ये चेंडू टाकायला शिकवत होते, आणि तिची निम्मी ताकद नुसतं उभं राहण्यात होती.

प्रिन्सिपॉल सर बघायला आले होते. मी त्यांना शब्द दिल्याचं सांगितलं. ते म्हणाले, फायनलला असली जोखीम घ्यायची? मी म्हटलं, सर, तुम्ही तिला कांदा लावताना पाहिलेलं नाही. ते मान हलवत निघून गेले.

फायनल मंचरच्या यजमान कॉलेजशी होती. त्यांचे कोच मुरलेले होते. आमचे दोन्ही सामने त्यांनी बघितले होते, त्यामुळे नऊ नंबर आत असली की चेंडू तिच्याकडेच जातो हे त्यांना पाठ होतं. सामना सुरू झाला आणि त्यांच्या दोन मुली मंगलच्या अंगावर जाऊन उभ्या राहिल्या. मला याहून चांगलं काही मागता आलं नसतं. शैलाने चेंडू मंगलला दिला, दोघी तिच्यावर तुटून पडल्या, मंगलने मान वर न करता चेंडू रिंगच्या दिशेने सोडला आणि तिथे शैला पोहोचलेली होती. दोन गुण. पुन्हा तेच, पुन्हा दोन. पहिला हाफ संपला तेव्हा आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो. प्रेक्षकांत खोडदची माणसं होती, कांद्याच्या टेम्पोतून आलेली. त्यांच्या मधोमध पदर खोचून हौसाबाई बसल्या होत्या.

पण समोरचे कोचही काही गोट्या खेळायला आले नव्हते. दुसऱ्या हाफला त्यांनी मंगलला साफ मोकळं सोडलं आणि दोन मुली शैलाला चिकटवल्या. आता चेंडू मंगलच्या हातात, समोर कुणी नाही, रिंग सहा फुटांवर आणि शैलाला द्यायला वाट नाही. मंगलला टाकावाच लागला. पहिला बोर्डाला लागून बाहेर. दुसरा रिंगच्या खालून गेला. तिसऱ्याला यजमानांचे प्रेक्षक हसले. आमची आघाडी वितळत गेली. शेवटची सहा मिनिटं राहिली तेव्हा मंगल तोंडाने श्वास घेत होती, तिचे पाय उचलत नव्हते आणि माझ्या शेजारी बाकावर एक ताज्या दमाची मुलगी बुटाच्या नाड्या आवळून माझ्याकडे बघत बसली होती.

तिला आत पाठवली असती तर कदाचित आम्ही आरामात जिंकलो असतो. कुठलाही कोच तेच करेल. मी समोर पाहिलं. हौसाबाई खेळाकडे बघतच नव्हत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या. मी हाताची घडी घातली. खोटं कशाला सांगू, त्या सहा मिनिटांत मी स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या.

पंचवीस सेकंद उरले असताना आम्ही एका गुणाने मागे पडलो. चेंडू आमच्याकडे होता. मी टाइम-आउट घेतला. मुली भोवती उभ्या राहिल्या. मंगल रडवेली झाली होती. ती म्हणाली, मॅडम, मला काढा. मी म्हटलं, काढणार नाही. चेंडू तुझ्याकडेच येणार आहे. टाकायचा नाहीस, शैला दिसेल तेव्हा सोडायचा. शैलाला म्हटलं, तू पळत राहा, तुझ्या मागच्या मुली कधीतरी चुकतील.

खेळ सुरू झाला. शैलाने चेंडू दिला आणि पळाली. दोघी तिच्या मागे. मंगल चेंडू घेऊन उभी, पुन्हा एकटी. सेकंद जात होते. आई समोर बसलेली, हसणारे लोक आजूबाजूला, तीन वेळा चुकलेली पोर. तिने माझं सांगणं सोडून दिलं आणि चेंडू डोक्यावर उचलला. ती टाकणार होती. तिची पाठ शैलाकडे होती. शैला दोघींना झुकांडी देऊन कोपऱ्यातून रिंगकडे निघाली होती, पहिल्यांदाच पूर्ण मोकळी, आणि मंगलला ते दिसत नव्हतं.

"मंगल! टाकू नको. हिकडं सोड."

सगळ्या मैदानावर ऐकू गेलं. वन्सं नाही, अहोजाहो नाही. सुनेने नणंदेला एकेरी नावाने हाक मारली आणि वर हुकूम सोडला. मंगल दचकून वळली. तिने शैलाकडे पाहिलंसुद्धा नसेल. हात सवयीने फिरला आणि चेंडू शैलाच्या पुढे जाऊन पडला. शैलाने तो धरला, दोन पावलं टाकली आणि अलगद रिंगमध्ये ठेवला. चार सेकंद उरले होते, त्यात यजमानांना काही करता आलं नाही. आम्ही एका गुणाने फायनल जिंकली आणि मंगल चाळीस मिनिटं आत होती.

मुलींनी शैलाला उचलून घेतलं. मी हौसाबाईंकडे बघितलं आणि माझा आनंद जागेवरच थांबला. त्या उठून मैदानात येत होत्या, मागे खोडदची माणसं. शैलानेही त्यांना पाहिलं. ती मुलींच्या हातांतून खाली उतरली, तिने विस्कटलेले केस सारखे केले आणि डोकं खाली घालून उभी राहिली. आत्ता चेंडू मागताना जी पोरगी होती ती कुठल्या कुठे गेली. मला ते बघवेना.

हौसाबाई शैलाशी बोलल्या नाहीत. त्यांनी लेकीला विचारलं.

"हिनं तुला नावानं हाक मारली?"

शैलाने तोंड उघडलं होतं, बहुतेक माफी मागायला. पण मंगल मध्ये पडली. अजून तिचा दम लागलेला होता.

"व्हय. नियमच हाय तसा. मैदानावर नातं लावायचं न्हाई, नुसतं नाव घ्यायचं. मॅडमनी सांगितलंय समद्यांना."

मी असं काही सांगितलेलं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मंगल माझ्याशी बोलायलासुद्धा तयार नव्हती, आणि आता ती तिच्या वहिनीसाठी माझ्या गळ्यात एक नियम अडकवून माझ्याकडे टक लावून बघत होती.

हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "असा नियम हाय का, मॅडम?"

"आहे," मी म्हटलं. "पुस्तकात आहे."

"आन् मोडला तर?"

"तर चेंडू समोरच्यांना देतात."

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "मंग बरं केलं हिनं. नियम हाय तर पाळायलाच पायजे." आणि त्यांनी शैलाच्या पाठीवर हात ठेवला. शैला तिथेच रडायला लागली. मंगल तिला म्हणाली, वैनी, गप, माणसं बघत्यात. घराच्या बोलीवर दोघी लगेच परत आल्या होत्या. मला मात्र त्या क्षणी मंगलला मिठी मारावीशी वाटली आणि मी ती मारली. ती जरा अवघडली.

शैलाची विभागाच्या संघात निवड झाली. मंगलची होणार नव्हतीच. एकटी सून बाहेरगावी कशी पाठवायची, हा प्रश्न उभा राहील म्हणून मी चार वाक्यं तयार करून खोडदला गेले. त्यातलं एकही वापरावं लागलं नाही. हौसाबाई म्हणाल्या, तुम्ही बरोबर आहात ना, मग झालं, तुम्ही शब्दाच्या आणि नियमाच्या बाई आहात. यातला पहिला अर्धा भाग खरा होता. बुधवारचे पाहुणेही येऊन गेले होते आणि मंगल पसंत पडली होती. मुलाकडच्यांतला एक जण फायनलला मंचरला होता म्हणे. चाळीस मिनिटं न बसता खेळली, हे त्याने घरी जाऊन सांगितलं होतं.

मी पुढे बरीच वर्षं ते काम केलं आणि मग निवृत्त झाले. दर वर्षी नवीन मुली आल्या की आम्ही कोच लोक उंची, वजन आणि आधी काय खेळलीस ते विचारतो. मी त्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने एक रकाना वाढवला होता. संघात तुझं कोण कोण आहे, आणि ती तुझी कोण लागते. त्या रकान्याने मला उंचीच्या रकान्यापेक्षा जास्त सामने जिंकून दिले. आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून मी नियम सांगायची की मैदानावर ताई नाही, वहिनी नाही, वन्सं नाही, आत्या नाही. फक्त नाव. एकदा सांगून बसले होते, तेव्हा चालवणं भाग होतं.

शैला आज एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मध्यंतरी मी तिच्या शाळेत गेले होते. कोर्टवर तिच्या मुली एकमेकींना नावाने हाका मारत होत्या. एका लहान मुलीने तिला विचारलं, बाई, मोठ्या मुलींचं पण नुसतं नावच घ्यायचं? असं का? शैलाने माझ्याकडे बघितलंही नाही.

"पुस्तकात हाय," ती म्हणाली आणि शिट्टी वाजवली.